क्यूबी ड्राफ्टातून घ्यायचा की म्हाताऱ्यावर अजून एक वर्ष काढायचं? स्टीलर्सचा हिशोब

२०२६ च्या १२ जानेवारीच्या सोमवारी रात्री प्लेऑफमध्ये ह्यूस्टनने आमच्या घरात येऊन आमची, म्हणजे पिट्सबर्ग स्टीलर्सची, ३०-६ अशी धुलाई केली तेव्हा पुण्यात मंगळवारची सकाळ होती आणि माझा मेहुणा चहा-पोहे घेऊन मॅच बघत होता. त्याला हे एनएफएलचं (अमेरिकन फुटबॉलच्या लीगचं) वेड मीच लावलंय त्यामुळे त्याचं दुःख पण माझ्याच माथी. मॅच संपायच्या आत मेसेज, "दाजी, आता तरी पोरगं घेणार का तुमचे लोक, की परत कुणाच्या तरी म्हाताऱ्याला बोलावणार?"

पोरगं म्हणजे कॉलेजमधून ड्राफ्टात घेतलेला नवा क्वार्टरबॅक, थोडक्यात क्यूबी, आणि म्हातारा म्हणजे दुसरीकडे खेळून आलेला अनुभवी. तेव्हापासून ग्रुपवर हाच वाद चाललाय, म्हणून म्हटलं एकदाच सगळं समोरासमोर मांडून टाकू, ज्याला जे ठरवायचं ते ठरवा.

ज्यांना हा खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वार्टरबॅक म्हणजे जवळजवळ प्रत्येक चालीला बॉल ज्याच्या हातात येतो तो, अडीच-तीन सेकंदांत त्याने ठरवायचं कुणाकडे फेकायचा, आणि तेवढ्यात समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे लोक त्याला आडवं करायला येत असतात. ड्राफ्ट म्हणजे दर एप्रिलला ३२ टीम्स कॉलेजमधून पोरं निवडतात, सात राउंड, आणि जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिचा नंबर पहिला. आयपीएलच्या लिलावासारखं नाही हां, की पाकिटात पैसे आहेत म्हणून उचलला माणूस. इथे तुमचा नंबर येईपर्यंत गप्प बसायचं, नाहीतर पुढचे एक-दोन वर्षांचे नंबर देऊन कुणाचा तरी वरचा नंबर घ्यायचा. याला ट्रेड अप म्हणतात आणि बरीच घरं यातच बुडालीत, त्याच्याकडे येतोच.

आता स्टीलर्सचं दुखणं असं की आम्ही कधी पुरेसे वाईट खेळतच नाही. जिंकलेल्यापेक्षा हरलेल्या मॅचेस जास्त असा आमचा शेवटचा सीझन २००३ चा, तेव्हा ६-१० झालो (सहा जिंकल्या, दहा हरल्या) म्हणून २००४ ला अकरावा नंबर मिळाला आणि त्या नंबरावर बेन रॉथलिसबर्गर मिळाला. मी पिट्सबर्गला आलो तो पण २००४ लाच, ऑगस्टमध्ये, त्यामुळे मला बरीच वर्षं वाटायचं की क्वार्टरबॅक हा शहराच्या नळाला पाणी येतं तसा आपोआप येतो. जानेवारी २०२२ ला बेन रिटायर झाला आणि कळलं. त्यानंतर ट्रुबिस्की, पिकेट, रुडॉल्फ, रसेल विल्सन, जस्टिन फील्ड्स, आता अ‍ॅरन रॉजर्स. भाड्याच्या घरात राहतात ना लोक अकरा-अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करून, तसं चाललंय. दरवर्षी नवव्या-दहाव्या विजयापर्यंत पोचायचं, बहुतेक वेळा प्लेऑफला जायचं, मार खायचा, आणि ड्राफ्टात विसाव्या नंबराच्या आसपास बसायचं जिथे चांगला क्यूबी उरलेलाच नसतो. प्लेऑफची शेवटची मॅच जिंकलो ती जानेवारी २०१७ मध्ये.

पैशाचं गणित

इथून सुरू करतो कारण अर्धे लोक इथेच चुकतात. लोक विचारतात "पोरगं चांगलं की अनुभवी माणूस चांगला". तो प्रश्नच नाहीये. प्रश्न असा की पोरामुळे जे पैसे वाचतात त्याचं तुम्ही काय करणार.

२०२५ ची सॅलरी कॅप होती २७ कोटी ९२ लाख डॉलर, म्हणजे अख्ख्या टीमच्या पगाराला एवढाच आकडा. डॅलसने २०२४ ला डॅक प्रेस्कॉटला वर्षाला ६ कोटीच्या सरासरीने करार दिला. म्हणजे एकाच माणसाच्या नावावर कॅपचा पाचवा हिस्सा! त्याच्यासमोर विसाव्या-एकविसाव्या नंबरावर घेतलेलं पोरगं, चार वर्षांचे सगळे मिळून पावणेदोन कोटी डॉलरच्या आसपास. चार वर्षांचे. पहिल्या राउंडचा असेल तर पाचव्या वर्षाचा ऑप्शन पण टीमच्याच हातात.

हे पूर्वी असं नव्हतं. २०१० ला सेंट लुईस रॅम्सने पहिल्या नंबरावर सॅम ब्रॅडफर्ड घेतला, त्याने एनएफएलमध्ये एक चेंडू टाकायच्या आधी त्याला ५ कोटींची गॅरंटी होती. मग २०११ ला नवीन करार आला, रूकींच्या म्हणजे नव्या पोरांच्या पगाराला पट्टा बांधला, आणि त्याच वर्षी पहिल्या नंबरावर आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सगळे मिळून २ कोटी २० लाख. एका वर्षात एवढा फरक. तेव्हापासून लीगमधला सगळ्यात मोठा डिस्काउंट म्हणजे चांगला खेळणारा रूकी क्यूबी. सिएटलने रसेल विल्सनला २०१२ ला तिसऱ्या राउंडमध्ये घेतला, ७५ वा नंबर, आणि वाचलेल्या पैशात जो डिफेन्स सांभाळला त्याने २०१४ च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलला, डेन्व्हरला ४३-८ असं तुडवलं.

आणि गंमत बघा, तोच विल्सन पुढे म्हातारा झाल्यावर डेन्व्हरने २०२२ ला दोन फर्स्ट (म्हणजे ड्राफ्टातले पहिल्या राउंडचे नंबर), दोन सेकंड राउंड नंबर आणि वर प्लेयर देऊन घेतला, जमलं नाही, २०२४ ला सोडला, आणि न खेळणाऱ्या माणसापायी दोन वर्षांत मिळून साडेआठ कोटी डॉलरचा बोजा कॅपवर बसला. एखादी टीम मेली असती. डेन्व्हर का नाही मेलं? कारण त्याच एप्रिलमध्ये त्यांनी बाराव्या नंबरावर बो निक्स घेतला, स्वस्तातला, आणि पहिल्याच वर्षी १०-७ करून प्लेऑफला गेले. म्हाताऱ्याचं कर्ज पोराने फेडलं असं म्हणा.

आता उलटी बाजू. रॉजर्स आम्हाला २०२५ ला पडला १ कोटी ३६ लाखाला, एका वर्षाचा. बाजारभाव बघता हे अगदीच स्वस्त, त्यामुळे "पोरगं स्वस्त" हा मुद्दा आमच्यापुरता तेवढा टोकदार नाही हे मी मान्य करतो. पण ४२ वर्षांचा माणूस. २४ टचडाउन (पास देऊन झालेले गोल म्हणा), ७ इंटरसेप्शन (पास समोरच्या टीमने झेलला), वाईट नाही अजिबात, डिसेंबरात तर मी स्वतः त्याची जर्सी घ्यायला निघालो होतो (बायकोने थांबवलं, उपकार झाले). फक्त त्या पैशातून पुढच्या वर्षी हातात काय उरतं? काही नाही. भाडं भरलं, वर्ष संपलं.

एकच क्यूबी सोडलेल्या आणि घेतलेल्या दोन टीम्स

मेहुण्याला मी नेहमी हेच उदाहरण देतो कारण याच्याइतकी स्वच्छ तुलना शोधून सापडायची नाही. मार्च २०२४. कर्क कझिन्स, वय ३५, आदल्या ऑक्टोबरात अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) फाटलेला. मिनेसोटाने त्याला जाऊ दिलं. अटलांटाने त्याला चार वर्षांचे १८ कोटी दिले, त्यातले १० कोटी गॅरंटीड.

इथपर्यंत ठीक. सहा आठवड्यांनी ड्राफ्ट आला आणि अटलांटाने आठव्या नंबरावर मायकल पेनिक्स घेतला! म्हणजे घरात आत्ताच नवी गाडी आणलीय, हप्ते सुरू व्हायचेत, आणि शेजारी दुसरी बुक करून आलात. सगळे हसले. मीही हसलो. पण शांतपणे बघितलं तर चूक पोरगं घेण्यात नव्हती हो, चूक म्हाताऱ्याला तेवढे पैसे देण्यात होती. कझिन्सने एका मॅचला टँपाविरुद्ध ५०९ यार्ड मारले, आणि मग हळूहळू उतरणच, १८ टचडाउन आणि १६ इंटरसेप्शन, डिसेंबरात बेंचवर बसवला, शेवटचे तीन सामने पेनिक्स. सीझन ८-९. पुढच्या वर्षी पेनिक्सचा गुडघा गेला आणि नोव्हेंबरात परत कझिन्स मैदानात. दोघं असूनही एकही धड नाही.

मिनेसोटाने काय केलं? सॅम डार्नल्डला एका वर्षासाठी १ कोटीला आणला आणि दहाव्या नंबरावर जे.जे. मॅकार्थी घेतला. म्हणजे म्हातारा स्वस्तातला, पोरगं स्वतःचं, आणि पोराने एक वर्ष बसून बघायचं असा बेत. मॅकार्थीचा गुडघा ऑगस्टमध्येच गेला त्यामुळे बेत नको इतका खरा झाला, आणि डार्नल्डने ३५ टचडाउन मारून टीम १४-३ ला नेली. कागदावर मिनेसोटा जिंकलं, बरोबर?

थांबा. २०२५ ला त्यांनी डार्नल्डला सोडलं कारण घरात पोरगं होतं ना. मॅकार्थी कधी घोटा, कधी डोक्याला मार, कधी हात, अर्धा वेळ बाहेर, टीम ९-८, प्लेऑफ नाही. आणि डार्नल्ड सिएटलला गेला तीन वर्षांच्या १० कोटीच्या करारावर, आणि या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकून आला.

म्हणजे मिनेसोटाचा निर्णय चुकला? मला नाही वाटत. मी तिथे असतो तर तेच केलं असतं. एका चांगल्या वर्षावर १० कोटी लावायचे की घरच्या पोराला संधी द्यायची, तेव्हाच्या माहितीवर दुसरंच बरोबर होतं. पण अशा गोष्टी होतात, आणि जो कुणी तुम्हाला सांगतो की मला आधीच माहीत होतं तो खोटं बोलतोय.

या वर्षीची फायनलच बघा ना, आपल्या वादाचं चित्र होतं नुसतं. एकीकडे डार्नल्ड, विकत आणलेला, पाचव्या टीमवर असलेला. दुसरीकडे न्यू इंग्लंडचा ड्रेक मे, २०२४ च्या ड्राफ्टातला तिसरा नंबर, पहिल्या वर्षी टीम ४-१३, दुसऱ्या वर्षी १४-३ आणि थेट फायनल. सिएटल २९-१३ जिंकलं, आणि ग्रुपवर लगेच "बघा अनुभव कामाला आला". अहो, अनुभव नाही, सिएटलचा डिफेन्स कामाला आला. क्यूबी बदलून दिले असते तरी मला निकाल फार वेगळा वाटत नाही.

आणि डार्नल्ड तरी कोण? हाच तो २०१८ चा पोरगा. न्यूयॉर्क जेट्सने सहाव्या नंबरावरून तिसऱ्यावर जायला इंडियानापोलिसला तीन सेकंड राउंड नंबर जादा दिले आणि हा घेतला. तेव्हा वय २०. पहिलाच पास इंटरसेप्ट होऊन टचडाउन झाला. पुढच्या वर्षी न्यू इंग्लंडविरुद्ध ३३-० हरताना बेंचवर बसून म्हणाला की मला भुतं दिसतायत, आणि ते माइकवर गेलं. तीन वर्षांत जेट्सने काढून टाकला. जेट्सच्या लोकांना विचारलंत तर ते म्हणतील ड्राफ्ट करू नका. सिएटलच्या लोकांना विचारलंत तर म्हणतील दुसऱ्याने ड्राफ्ट केलेला घ्या. माणूस एकच.

ट्रेड अप: इथे मी स्पष्ट बोलतो

नको.

सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ ला बाराव्यावरून तिसऱ्यावर जायला पुढची दोन फर्स्ट राउंड आणि वर एक थर्ड देऊन ट्रे लान्स घेतला. दोन वर्षांनी त्याला डॅलसला विकला, मिळाला चौथ्या राउंडचा एक नंबर. वाचवलं कुणी? २०२२ चा अगदी शेवटचा नंबर, २६२ वा, ब्रॉक पर्डी. नशीब म्हणतात ते हे.

कॅरोलिनाने २०२३ ला पहिल्या नंबरासाठी शिकागोला काय काय दिलं मोजा. नववा नंबर, त्या वर्षीचा सेकंड, २०२४ चा फर्स्ट, २०२५ चा सेकंड, आणि डी.जे. मूर नावाचा त्यांचा सगळ्यात चांगला रिसीव्हर (क्यूबीने फेकलेला बॉल झेलणारा). घेतला ब्राइस यंग. मग यंग बॉल फेकणार कुणाकडे? रिसीव्हर तर देऊन टाकला! म्हणजे नवरदेवासाठी घोडा आणला आणि त्यासाठी मंडप विकला. टीम २-१५. आणि कळस म्हणजे तो जो २०२४ चा फर्स्ट दिला होता तो इतकं वाईट खेळल्यामुळे पहिला नंबर झाला आणि शिकागोने त्याच्यावर केलेब विल्यम्स घेतला. यंग नंतर सावरला, २०२५ ला त्यांनी ८-९ करून का होईना डिव्हिजन (चार टीम्सचा गट) जिंकली, पोरगं वाईट नव्हतंच. पण पहिली दोन वर्षं त्याच्या खालची जमीनच विकलेली होती.

आणि २०१२ चं वॉशिंग्टन. आरजी थ्रीसाठी (रॉबर्ट ग्रिफिन, क्यूबी) तीन फर्स्ट राउंड आणि एक सेकंड. त्याच ड्राफ्टात चौथ्या राउंडला, १०२ व्या नंबरावर, सहज म्हणून अजून एक क्यूबी घेतला. आरजी थ्रीचा गुडघा गेला, तो परत तसा जमला नाही, आणि २०१५ पासून तीन वर्षं तो चौथ्या राउंडवालाच खेळला. नाव? कर्क कझिन्स. हो, तोच. २०१२ ला तो दुसऱ्याचा विमा होता, २०२४ ला पेनिक्स त्याचा विमा झाला.

कुणी म्हणेल कॅन्सस सिटीने २०१७ ला सत्ताविसाव्यावरून दहाव्यावर ट्रेड अप करूनच पॅट्रिक महोम्स हा क्यूबी घेतला. बरोबर. पण दिलं काय, स्वतःचा सत्ताविसावा, एक थर्ड आणि पुढच्या वर्षीचा एक फर्स्ट. घर विकलं नाही. आणि घरात अ‍ॅलेक्स स्मिथ होता, टीम प्लेऑफवाली होती, महोम्सने अख्खं वर्ष बसून शेवटची एक मॅच खेळली, मग स्मिथला विकला, आणि पुढच्या वर्षी ५० टचडाउन. ट्रेड अप करायचाच तर एवढाच करा.

लगेच खेळवायचा की बसवायचा

यावर फार लिहिण्यासारखं नाही, दोन्ही चालतं. रॉजर्स ग्रीन बेला तीन वर्षं बसला, जॉर्डन लव्ह पण तीन वर्षं बसला (रॉजर्सच्याच मागे), दोघं जमले. वॉशिंग्टनचा जेडन डॅनियल्स पहिल्या दिवसापासून खेळला आणि ४-१३ ची टीम १२-५ करून कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे सेमीफायनललाच म्हणा, नेली. आमचा बेन बसणारच होता, २००४ च्या दुसऱ्या मॅचला टॉमी मॅडक्सला लागलं म्हणून आत गेला आणि रेग्युलर सीझनचे पुढचे तेराच्या तेरा सामने जिंकला. आणि ज्याने आम्हाला चार सुपर बोल दिले तो टेरी ब्रॅडशॉ? १९७० चा पहिला नंबर, शिकागोबरोबर नाणं उडवून मिळालेला, पहिल्या वर्षी ६ टचडाउन आणि २४ इंटरसेप्शन. चोवीस! आजच्या काळात त्याला ऑक्टोबरात हाकललं असतं आणि पॉडकास्टवाल्यांनी दिवाळी साजरी केली असती.

एकच गोष्ट म्हणेन, बसवायचा असेल तर ज्याच्या मागे बसवताय तो एका वर्षाच्या करारावर हवा. कझिन्ससारखा चार वर्षांच्या करारावर नको.

आम्हाला पोळलंय म्हणून

आता स्टीलर्सवाले लोक पोरगं म्हटलं की का बिचकतात ते सांगतो. केनी पिकेट. २०२२, विसावा नंबर, इथल्याच युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्गचा, त्याच स्टेडियमवर कॉलेजचे सामने खेळलेला. सगळं शहर खूश. दोन वर्षांत १३ टचडाउन आणि १३ इंटरसेप्शन. मार्च २०२४ ला फिलाडेल्फियाला पाठवला, तिथे बॅकअप म्हणून सुपर बोलची अंगठी मिळवली, म्हणजे आमच्यापेक्षा त्याचंच बरं झालं.

तेव्हापासून दुधाने तोंड पोळलंय आणि ताक फुंकून पितायत. पण खरंच किती पोळलं? हिशोब करा. एक विसावा नंबर गेला. पगार किरकोळ. पुढचे नंबर कुणाला दिले नव्हते. दोन वर्षांत कळलं नाही जमत, सोडून दिला. टीम त्या दोन्ही वर्षी ५० टक्क्यांच्या वरच होती. स्वतःच्या नंबरावर घेतलेलं पोरगं फसलं तर एवढंच जातं. २०२१ ला पहिल्या राउंडमध्ये पाच क्यूबी गेले, त्यातला लॉरेन्स सोडला तर एकही आज आपल्या पहिल्या टीमवर नाही, म्हणजे फसण्याची शक्यता भरपूर आहे हे मी लपवत नाहीये. फसणारच आहेत. म्हणूनच सारखे घ्यावे लागतात. ग्रीन बे नव्वदच्या दशकात ब्रेट फार्व्ह ठणठणीत असताना पण घेत होतं, १९९३ ला ब्रुनेल पाचव्या राउंडला, १९९८ ला हॅसलबेक सहाव्या, १९९९ ला ब्रूक्स चौथ्या. तिघंही पुढे दुसऱ्यांचे स्टार्टर झाले.

आणि न घेण्याची किंमत काय असते ते या शहराइतकं कुणाला माहीत नाही.

१९८३. ड्राफ्टात डॅन मरिनो. पिट्सबर्गचा पोरगा, इथेच वाढला, इथेच कॉलेज. स्टीलर्सचा नंबर आला तेव्हा तो अजून शिल्लक होता. आपल्याकडे ब्रॅडशॉ आहे, मागे मलोन आहे, मरिनो कशाला असा हिशोब. ब्रॅडशॉ ३४ चा, कोपर दुखतंय. घेतला गेब रिव्हेरा, डिफेन्सचा. रिव्हेराचा त्याच ऑक्टोबरात कार अपघात झाला आणि तो कायमचा व्हीलचेअरवर गेला, त्यामुळे त्या निवडीची थट्टा मी करत नाही आणि कुणी करू पण नये. पण ब्रॅडशॉ त्या सीझनला फक्त एक मॅच खेळला, दोन टचडाउन मारले, कोपर परत गेलं, आणि संपलं. मरिनो सत्ताविसाव्या नंबरावर मायामीला गेला. आम्हाला पुढचा खरा क्वार्टरबॅक मिळाला २००४ ला, २१ वर्षांनी.

स्टीलर्सचा १९८३ चा नंबर होता एकविसावा. या वर्षीचा पण एकविसावा.

मग मी असतो तर

परिस्थिती अशी. आमचा कोच माइक टॉमलिन १९ वर्षांनी गेला. माइक मॅकार्थी आला, इथलाच माणूस, १९६९ पासून आमचा फक्त चौथा कोच. आणि ग्रीन बेला रॉजर्सबरोबर असताना २०११ च्या फेब्रुवारीत आम्हालाच सुपर बोलमध्ये हरवलेला! त्यामुळे रॉजर्सला अजून एक वर्ष ठेवायची खाज सगळ्यांनाच सुटणार.

ठेवा. माझं काही म्हणणं नाही. एका वर्षाचा करार, तेवढ्याच भावात. पण त्याच्या मागे पोरगं बसलेलं पाहिजे. विल हॉवर्ड आहे, सहाव्या राउंडचा, त्याचा हात कॅम्पमध्येच मोडला आणि सीझनभर मैदानात आलाच नाही, त्याच्या जिवावर निर्धास्त राहणं हा विनोद आहे.

या वर्षीची पोरं कमी आहेत हे खरं. इंडियानाचा फर्नांडो मेंडोझा, हाइझमन (कॉलेजमधल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूचं बक्षीस) जिंकलेला, १६-० करून नॅशनल चॅम्पियन झालेला, तो आपल्यापर्यंत येणारच नाही, पहिला नंबर रेडर्सचा आहे. ऑरेगनचा डांटे मूर परत कॉलेजला गेला. राहतो अलाबामाचा टाय सिम्पसन, कॉलेजला स्टार्ट फक्त १५, आणि शेवटच्या रोझ बोलमध्ये (कॉलेजच्या प्लेऑफची मॅच) इंडियानाने ३८-३ असं हरवलं. मला स्वतःला तो पिकेटपेक्षा सरस वाटतो पण १५ मॅचेसवर कुणी छातीठोक बोलू नये.

तरी एकविसाव्याला शिल्लक असला तर घ्या. नसला तर एक पण नंबर न देता दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला कुणीतरी घ्या, आणि पुढच्या वर्षी परत घ्या. "या वर्षी पोरं बरी नाहीत, पुढच्या वर्षी आर्च मॅनिंग येतोय तेव्हा बघू" (हा कॉलेजमधला गाजलेला क्यूबी) हे जे चाललंय ना ते मला अजिबात पटत नाही, कारण पुढच्या वर्षी आम्ही परत १०-७ करणार आणि परत एकविसावे असणार. आर्च मॅनिंग एकविसाव्याला येत नाही.

ज्या टीमची ऑफेन्सिव्ह लाइन (क्यूबीला वाचवणारी फळी) अगदीच कागदी आहे, कोच दोन वर्षांत जाणार हे दिसतंय, तिने मात्र पोराचा नाद करू नये, आधी म्हातारा आणून घर शाकारावं. जेट्सवाल्यांनो, तुम्हालाच म्हणतोय. आमची गोष्ट तशी नाही.

मेहुण्याचं म्हणणं याच्या बरोबर उलटं, त्याला वरचा नंबर पाहिजे, दोन फर्स्ट देऊन टाका म्हणतो, पुण्यात बसून दुसऱ्याचे फर्स्ट द्यायला काय जातंय. ड्राफ्ट २३ एप्रिल २०२६ ला इथेच पिट्सबर्गला आहे, गुरुवारी रात्री आठला सुरू, एकविसावा नंबर यायला अकरा तरी वाजतील. मी मुलीला घेऊन नॉर्थ शोरला जाणार आहे. तिकडे तेव्हा शुक्रवारची सकाळ साडेआठची, त्याला म्हटलंय त्या दिवशी ऑफिसला उशिरा जा आणि फोन चार्ज करून ठेव.